तरुणांनी पुढे यावे, पण कुठे?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

पूर असो, भूकंप असो की साथीचा रोग, पहिल्या दोन दिवसांत एक आवाहन ठरलेले असते: तरुणांनी पुढे यावे. तरुण येतातही, आणि अनेकदा आवाहनाची वाट न पाहता येतात. मात्र पुढे येऊन त्यांनी नेमके कुठे उभे राहायचे, कोणाला विचारायचे, काय करायचे नाही आणि त्यांना काही सांगायचे असेल तर ते कोण ऐकणार, याचे उत्तर आवाहन करणाऱ्यांजवळ बहुधा नसते. मग मदतीचे खोके सकाळी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात, संध्याकाळी कोणीतरी वेगळी सूचना देते म्हणून तेच खोके पहिल्या खोलीत परत येतात, आणि चार दिवसांत निम्मी मुले येईनाशी होतात. त्यावर वडीलधाऱ्यांचा शेरा तयारच असतो की, आजकालच्या पोरांत चिकाटी नाही.

हा शेरा मला अन्यायाचा वाटतो. किशोरवयीन मुलांना अनेक वर्षे शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, मुले कष्टांना कंटाळत नाहीत. ज्या कामात त्यांच्यावाचून काही अडत नाही, त्या कामाला ती कंटाळतात. संकटकाळात तरुणांना समाजाच्या जगण्यात खरोखर सामावून घ्यायचे असेल, तर त्यांच्या हाती ठरावीक जबाबदारी द्यावी लागेल, त्या जबाबदारीपुरता निर्णयाचा अधिकारही द्यावा लागेल, आणि हे दोन्ही संकट येण्याआधी ठरलेले असावे लागेल. आवाहनाने गर्दी जमते, पण त्या गर्दीतून काम उभे राहण्यासाठी आधीची ओळख आणि सराव लागतो.

आपण तरुणांकडे दोनच नजरांनी पाहत आलो आहोत. एका नजरेला ती अजून लहान, जपायची लेकरे दिसतात. दुसऱ्या नजरेला फुकट मिळणारे मजबूत हात दिसतात. गंमत म्हणजे एकच माणूस एकाच दिवशी दोन्ही नजरा वापरतो. सकाळी तो सतरा वर्षांच्या मुलाला पोती उचलायला पाठवतो आणि संध्याकाळी त्याच मुलाने वाटपातली एखादी चूक दाखवली, तर ‘तुला काय कळते’ म्हणून गप्प करतो. त्यात संकटाने तरुणांचे रोजचे जगणेच काढून घेतलेले असते. शाळा-महाविद्यालये बंद पडतात किंवा त्यांच्या इमारतींत निवारा केंद्रे उघडतात, मैदाने सामानाने भरतात, परीक्षा लांबतात. युनेस्कोच्या आकडेवारीनुसार 2020 मध्ये करोनाच्या साथीत एका टप्प्यावर जगभरातील सुमारे 160 कोटी विद्यार्थ्यांचे वर्ग बंद होते. मोठ्यांचा दिवस संकटात ओसंडून वाहत असतो, तर या वयाचा दिवस अचानक रिकामा होतो, आणि रिकाम्या दिवसात भीतीला भरपूर जागा मिळते. म्हणून तरुणांना काम देणे ही केवळ समाजाची सोय नाही. त्यांची स्वतःचीही ती गरज असते.

11 मार्च 2011 रोजी भूकंप आणि त्सुनामीत जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर जे घडले, त्यातील दोन शाळांच्या हकिगती मला या संदर्भात पुन्हा पुन्हा वाचाव्याशा वाटतात. कामाइशी शहरात उनोसुमाई भागात एक माध्यमिक आणि एक प्राथमिक शाळा शेजारीशेजारी होत्या. दुपारी पावणेतीनच्या सुमारास भूकंप होताच माध्यमिक शाळेतील मुले सूचनेची वाट न पाहता उंच जागेकडे धावत सुटली. प्राथमिक शाळेतील मुलांना आधी इमारतीच्या वरच्या मजल्यावर नेण्यात आले होते. पण मोठी मुले पळताना पाहून तीही खाली उतरली आणि त्यांच्यामागे निघाली. ठरलेल्या ठिकाणी पोहोचल्यावर तिथल्या कड्याची दरड ढासळलेली दिसली, तेव्हा ही जागाही पुरेशी सुरक्षित नाही असे ठरवून सगळे आणखी वर गेले. वाटेत मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरले होते. दोन्ही शाळा पाण्याखाली गेल्या, आणि दोन्ही शाळांतील सुमारे पावणेसहाशे मुले वाचली. त्या शहरात सुमारे हजार माणसे मृत किंवा बेपत्ता झाली, तरीही शहरातील तीन हजारांच्या आसपास असलेल्या शालेय मुलांपैकी जवळपास सगळी वाचली.

जगभरच्या बातम्यांनी याला चमत्कार म्हटले, पण त्यामागे अनेक वर्षांची मेहनत होती. गुन्मा विद्यापीठातील प्राध्यापक तोशिताका कातादा या शहरातील शाळांबरोबर आधीची काही वर्षे काम करत होते. नकाशावर दाखवलेल्या धोक्याच्या रेषेवर विसंबून राहू नका, त्या क्षणी शक्य असलेले सर्व काही करा आणि पळण्यात इतरांच्या पुढे राहा, अशी त्यांच्या शिकवणीची तीन सूत्रे होती. यातले तिसरे सूत्र मला सर्वांत मोलाचे वाटते. संकटात माणसे इतरांकडे पाहून आपले ठरवतात. कोणीच हलत नसेल तर कोणीच हलत नाही. पहिल्याने धावणारा मुलगा स्वतःचा जीव वाचवतो आणि पाहणाऱ्या मोठ्यांनाही पळण्याची मुभा देतो. तिथल्या मुलांना ‘मोठ्यांचे ऐका’ एवढेच शिकवले असते, तर ती वर्गात थांबली असती.

दुसरी हकीगत त्याच दिवसाची, इशिनोमाकी शहरातील ओकावा प्राथमिक शाळेची आहे. भूकंपानंतर तिथली मुले आणि शिक्षक सुमारे पाऊण तासाहून अधिक काळ मैदानातच थांबून राहिले. शाळेच्या मागे टेकडी होती. वर जाऊ या, असे काही मुले म्हणत होती, हे वाचलेल्यांच्या सांगण्यातून पुढे आले. मोठ्यांमध्ये कुठे जायचे यावर एकमत होईना. अखेर निघाले तेव्हा लाट समोर आली. 108 पटसंख्येच्या त्या शाळेतील 74 मुले आणि 10 शिक्षक मृत किंवा बेपत्ता झाले. पालकांच्या दाव्यात उच्च न्यायालयाने 2018 मध्ये शाळेच्या आणि शिक्षण प्रशासनाच्या पूर्वतयारीतील त्रुटींवर बोट ठेवले आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो निकाल कायम राहिला. त्या शिक्षकांनी स्वतःचेही प्राण गमावले आहेत, त्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्या मैदानात मुलांच्या म्हणण्याला कुठेही जागा ठरवलेली नव्हती, एवढेच मला दाखवायचे आहे.

26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीतील दहा वर्षांच्या एका ब्रिटिश मुलीची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. थायलंडमधील फुकेतच्या माय खाओ किनाऱ्यावर पाणी विचित्र फेसाळताना पाहून, दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला शिकलेले तिला आठवले आणि तिने आरडाओरडा केला. ही गोष्ट सांगताना आपण तिच्या हुशारीचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण तिच्या वडिलांनी तिचे म्हणणे तेथील सुरक्षारक्षकाच्या कानावर घातले आणि ते खरे मानून किनारा रिकामा करण्यात आला, हा गोष्टीचा अर्धा भाग आपण गाळतो. दहा वर्षांच्या मुलीचे ऐकणारा मोठा माणूस तिथे नसता, तर तिचे ज्ञान तिच्यापाशीच राहिले असते.

संघटनेच्या बाजूने पाहायचे तर न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चचे उदाहरण फार बोलके आहे. सप्टेंबर 2010 मध्ये तिथे पहाटे मोठा भूकंप झाला. जमिनीतून वर आलेल्या ओल्या, करड्या गाळाने अंगणे आणि रस्ते भरून गेले. कँटरबरी विद्यापीठातील सॅम जॉन्सन या विद्यार्थ्याने समाजमाध्यमावर हाक दिली आणि फावडी व हातगाड्या घेऊन शेकडो विद्यार्थी गाळ उपसायला निघाले. अधिकृत यंत्रणा सुरुवातीला साशंक होती. अनोळखी, अप्रशिक्षित मुलांची जबाबदारी कोण घेणार, हा प्रश्न काही चुकीचा नव्हता. मात्र 22 फेब्रुवारी 2011 च्या भूकंपात 185 माणसे दगावली, तेव्हा हे विद्यार्थी पुन्हा हजारोंच्या संख्येने उतरले, आणि या वेळी त्यांच्याजवळ गट, गटप्रमुख, नोंदणी, वाहतूक आणि प्रशासनाशी बोलणारी ठरलेली माणसे होती. पाच महिन्यांपूर्वीच्या अनुभवाने त्यांना यंत्रणेची भाषा शिकवली होती, आणि यंत्रणेलाही त्यांच्यावर विसंबायला. पुढे 2020 मध्ये टाळेबंदी आली तेव्हा याच संघटनेने वृद्धांच्या घरी किराणा पोहोचवण्याची व्यवस्था केली. ज्यांनी पहिला गाळ उपसला, ते तोवर विद्यार्थी राहिले नव्हते, पण संघटना टिकून होती. मुले मोठी होतात आणि निघून जातात, म्हणून त्यांच्यावर विसंबू नये, असे म्हणणाऱ्यांनी हा भाग लक्षात घ्यावा.

आता कामाविषयी. तरुणांना काय द्यावे, असे विचारले की अंगमेहनतीची कामे आधी आठवतात. ती लागतातच. पण संकटात सर्वांत आधी कोलमडते ती माहिती. कोण कुठे अडकले आहे, कोणाला औषध हवे आहे, कोणत्या केंद्रात किती माणसे आहेत, कुठला रस्ता सुरू आहे, यांपैकी कशाचाही भरवसा राहत नाही. ऑगस्ट 2018 मध्ये केरळमध्ये महापूर आला तेव्हा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान यंत्रणेने अभियंते आणि विद्यार्थी स्वयंसेवक यांच्या मदतीने मदतीच्या हाका नोंदवणारे संकेतस्थळ उभे केले. अशा कामातील खरे कष्ट संकेतस्थळ बनवण्यात नसतात. एकच हाक दहा जणांकडून दहा वेळा येते, सुटका झालेल्या माणसाचा संदेश दोन दिवसांनंतरही फिरत राहतो, आणि प्रत्येक नोंदीला फोन करून ‘अजून मदत हवी आहे का’ असे विचारण्यावाचून गत्यंतर नसते. हे काम कंटाळवाणे आहे, चिकाटीचे आहे आणि जीव वाचवणारे आहे. फोनवर वाढलेली पिढी म्हणून ज्यांना आपण हिणवतो, त्यांना ते आपल्यापेक्षा चांगले जमते. अट एकच की, पडताळणी कशी करायची आणि माहिती कोणाच्या हाती द्यायची, हे त्यांना आधी शिकवलेले असावे. स्त्रियांचे फोन नंबर आणि पत्ते उघड यादीत टाकले की मदतीबरोबर उपद्रवही येतो, हे कोणीतरी त्यांना सांगायला हवे.

निवारा केंद्रांतही तरुणांना बरेच काही करता येते आणि त्याकडे फारसे लक्ष जात नाही. लहान मुलांना रोज ठरलेल्या वेळी खेळायला आणि शिकायला बसवणे, हे त्यातले एक. आई-वडील रांगांमध्ये आणि पंचनाम्यांमध्ये अडकलेले असताना पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी ताई-दादा होणे, हे काम सोळा वर्षांची मुलगी किंवा मुलगा उत्तम करू शकतो, आणि ते करताना स्वतःही सावरतो. घरात एकट्या असलेल्या वृद्धांची दररोज विचारपूस करणे, त्यांच्या औषधांची नोंद ठेवणे, अर्ज भरून देणे, ज्यांना वाचता येत नाही त्यांना सूचना वाचून दाखवणे, ही कामेही तशीच. जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक प्रथमोपचाराची पाहा, ऐका आणि योग्य मदतीशी जोडून द्या अशी साधी त्रिसूत्री मांडली आहे, आणि ती शिकायला कोणत्याही पदवीची गरज लागत नाही. तिच्यात काय करू नये हेही आलेच: जे घडले ते पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये, खोटा दिलासा देऊ नये, जमणार नाही त्याचे वचन देऊ नये. हे शेवटचे तर मोठ्यांनीही शिकण्यासारखे आहे.

याउलट काही कामांवर स्पष्ट बंदी हवी आणि ती आधीच लिहून ठेवलेली हवी. अठरा वर्षांखालील कोणालाही ढिगाऱ्यावर, वाहत्या पाण्यात, संसर्गाच्या थेट संपर्कात किंवा मृतदेहांच्या कामावर पाठवू नये. मग तो कितीही आग्रह धरो, आणि हात कितीही कमी पडोत. अठरा पूर्ण झालेल्यांनाही प्रशिक्षण, साधने, विमा आणि देखरेख यांवाचून अशा ठिकाणी उभे करणे म्हणजे त्यांच्या उत्साहाचा गैरफायदा घेणे होय. संकटात सापडलेल्या मुलांना वाचवायला गेलेली मुले स्वतःच बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि त्यांना शूर म्हणून मोकळे होतो. शौर्याचे कौतुक करताना त्यांना तिथे जाऊ कोणी दिले, हा प्रश्न राहून जातो. कामाची पाळी ठरलेली असावी, जोडीने काम करावे, झोप आणि जेवण चुकवणाऱ्याला घरी पाठवावे, आणि त्याला त्यात शरम वाटू नये.

आणखी एक गोष्ट खुपते. ‘तरुण’ म्हटले की मदतकार्यात बहुधा महाविद्यालयात शिकणारे, घरून परवानगी मिळालेले, दुचाकी आणि फोन असलेले मुलगेच डोळ्यांसमोर येतात. शाळा सुटून कामाला लागलेला मुलगा, अपंग तरुण, स्वतःचे घर गमावलेली तरुणी, दुसऱ्या प्रदेशातून पोटासाठी आलेले तरुण मजूर यांना कोणी स्वयंसेवक समजत नाही; त्यांचे नाव फक्त लाभार्थींच्या यादीत येते. वास्तविक त्यांना जे दिसते ते इतरांना दिसत नाही. निवारा केंद्रातील स्वच्छतागृह किती लांब आहे, रात्री तिकडे जाताना दिवा असतो का, आतून कडी लागते का, मासिक पाळीची साधने मागायची तर ती कोणाकडे, हे तिथे राहणाऱ्या मुलीला विचारल्यावाचून कळत नाही. आणि आराखडा बनवणारे तिला विचारत नाहीत. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाला उताराची वाट कुठे संपते हे कोणत्याही अभियंत्यापेक्षा आधी कळते. ज्याला मदत हवी आहे तोही मदत करू शकतो, हे मान्य केले तर अर्धी ओशाळगत तिथेच जाते.

कागदावर पाहिले तर हा सगळा प्रश्न कधीचाच सुटलेला आहे. मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे मत विचारात घेतले जावे, असे 1989 च्या बालहक्क करारातील बारावे कलम सांगते. मार्च 2015 मध्ये जपानमधील सेंदाई येथे स्वीकारलेल्या आपत्ती जोखीम कमी करण्याच्या जागतिक आराखड्यात मुले आणि तरुण यांना परिवर्तन घडवणारे म्हटले आहे आणि त्यांना वाव द्यावा असे नमूद केले आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने शांतता आणि सुरक्षेच्या निर्णयप्रक्रियेत तरुणांना सहभागी करून घेण्याचा 2250 क्रमांकाचा ठराव केला. ठरावांची भाषा उत्तम आहे. प्रत्यक्षात मात्र आढावा बैठकीत एखाद्या तरुणाला बोलावलेच, तर त्याच्या नावासमोर ‘युवा प्रतिनिधी’ असे लिहितात, शेवटची दोन मिनिटे देतात आणि त्याच्या बोलण्याची नोंद इतिवृत्तात करत नाहीत. अभ्यासक रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांवर त्यांनी मुलांना वापरून घेणे, शोभेला उभे करणे आणि नावापुरते बोलावणे या गोष्टी ठेवल्या आणि या पायऱ्यांना सहभाग म्हणताच येत नाही, असे स्पष्ट सांगितले. आपले बहुतेक कार्यक्रम प्रामाणिकपणे मोजले, तर ते या तीन पायऱ्यांच्या वर फारसे जात नाहीत.

तरुणांना अधिकार दिला तर ते उतावीळपणे वागतील, राजकीय मंडळी त्यांना हाताशी धरतील, अभ्यास बुडेल, अशा शंका मला नेहमी ऐकू येतात. पहिली शंका अगदीच निराधार नाही. या वयात धोक्याचा अंदाज कमी पडतो. पण त्यावरचा उपाय म्हणजे अनुभवी माणसाची सोबत आणि आखून दिलेली मर्यादा, वगळणे नव्हे. ज्या वडीलधाऱ्यांनी आधीचे संकट पाहिले आहे, त्यांच्यासोबत एकेका तरुणाची जोडी लावली तर दोघांचेही भले होते: पाणी मागच्या वेळी कुठवर आले होते हे एकाला ठाऊक असते आणि ते नकाशावर टाकून सर्वांना पाठवणे दुसऱ्याला जमते. राजकीय वापराची भीती खरी आहे, आणि ती मोठ्यांच्या बाबतीतही तितकीच खरी आहे; म्हणून मदतवाटपाच्या नोंदी उघड ठेवाव्यात, मग वाटणारा कोणत्याही वयाचा असो. अभ्यासाची शंका मला थोडी हास्यास्पद वाटते. ज्या काळात वर्गच भरत नाहीत, त्या काळात कोणता अभ्यास बुडतो? उलट अशा कामाची नोंद शिक्षणसंस्थांनी अभ्यासाचा भाग म्हणून घ्यायला काहीच हरकत नसावी. मात्र गुणांसाठी सक्ती करू नये. सक्तीचा स्वयंसेवक कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

संकट ओसरल्यावर या मुलांचे काय होते, याकडे आपले लक्ष सर्वांत कमी असते. पश्चिम आफ्रिकेत 2014 पासून पसरलेल्या इबोलाच्या साथीत सिएरा लिओनमधील रेड क्रॉसच्या तरुण स्वयंसेवकांनी मृतांचे सुरक्षित दफन करण्याचे काम केले. त्या कामाने साथ आटोक्यात यायला मदत झाली. पण त्यांच्यापैकी अनेकांना शेजाऱ्यांनी टाळले, काहींना घरच्यांनीही दूर ठेवले. ज्यांच्या जिवावर समाज वाचला त्यांना समाजाने परत घेतले नाही, याहून मोठा कृतघ्नपणा कोणता? इटलीतील फ्लॉरेन्स शहराचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. नोव्हेंबर 1966 मध्ये आर्नो नदीचा पूर त्या शहरात शिरला तेव्हा देशोदेशीचे तरुण तिथे धावले आणि राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरातून चिखलाने माखलेली पुस्तके त्यांनी साखळी करून हातोहात बाहेर काढली. शहराने त्यांना ‘चिखलातले देवदूत’ म्हटले आणि कित्येक दशकांनंतर, ते म्हातारपणाकडे झुकले असताना, त्यांना पुन्हा बोलावून त्यांचा सत्कार केला. सत्कार प्रत्येक ठिकाणी झालाच पाहिजे असे नाही. पण काम संपल्यावर एकत्र बसवून त्यांना जे दिसले ते बोलू देणे, ज्यांची झोप उडाली आहे त्यांना समुपदेशकापर्यंत नेणे, आणि काय चुकले हे त्यांच्याच तोंडून लिहून घेणे, एवढे तरी व्हायला हवे. पुढच्या संकटाचा आराखडा याच टिपणांतून तयार होऊ शकतो.

1995 मध्ये जपानमधील कोबे शहराला भूकंपाचा तडाखा बसला तेव्हा पहिल्या वर्षभरात दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक तिथे येऊन गेले आणि त्यांत तरुणांचा भरणा मोठा होता. सरकारी यंत्रणा त्यांना सामावून घ्यायला तयार नव्हती, हे तिथल्या लोकांनी मान्य केले. 17 जानेवारी हा दिवस आपत्तीनिवारण आणि स्वयंसेवेचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला आणि 1998 मध्ये स्वयंसेवी संस्थांना सहज नोंदणी करता यावी म्हणून कायदाही झाला. कौतुकाच्या जोडीला व्यवस्था बदलली, हे मला त्यात महत्त्वाचे वाटते. आपल्याला लगेच कायदा नको. प्रत्येक वस्तीच्या, गावाच्या किंवा संस्थेच्या आपत्ती समितीत पंचविशीच्या आतल्या किमान दोघांना, त्यातल्या एका मुलीला, पूर्ण मताधिकारासह घ्यावे. वर्षातून दोनदा सराव व्हावा आणि तो तरुणांनीच आखावा. मदतीच्या निधीतील एक लहानसा हिस्सा त्यांच्या निर्णयाने खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब त्यांनीच मांडावा, इतके केले तरी पुष्कळ. पैशाचा हिशेब मांडायला लागलेला तरुण किती झपाट्याने जबाबदार होतो, हे ज्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती एखाद्या कार्यक्रमाची पेटी दिली आहे, त्यांना ठाऊक असेल.

आपल्या वर्तमानपत्राकडे माझी एक विनंती आहे. संकटाच्या काळात आपण तरुणांच्या कामाची दखल घेता, ती घेत राहावी. पण त्यानंतर सहा महिन्यांनी आपला वार्ताहर त्याच ठिकाणी पुन्हा पाठवावा. ज्यांनी काम केले त्यांतले किती जण स्थानिक समितीत आहेत, त्यांच्या कोणत्या सूचनेवर काही झाले, कोणाला दुखापतीचा किंवा उपचारांचा खर्च स्वतः सोसावा लागला, आणि पुढच्या पावसाळ्याआधी त्यांना कोणी बोलावले आहे का, एवढे प्रश्न त्या मुलांना आणि समितीच्या अध्यक्षांना वेगवेगळे विचारून दोघांची उत्तरे शेजारीशेजारी छापावीत.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक